फोटो झाला असेल तर रांग सोडा

मिरजकर_तिकटी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आईला घेऊन दर्शनाला गेलो होतो. देवळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे प्रतिसाद त्या देवळाच्या बाजूनं आणि निम्मे विरोधात येणार, आणि मला बोलायचंय ते राहूनच जाणार. आमच्या भागातलंच, गर्दीचं देऊळ, एवढं पुरे.

आई एकाहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एका हातात खण-नारळाची पिशवी, दुसऱ्या हातानं रांगेची लोखंडी नळी धरून दीड तास इंच इंच पुढं सरकत होती. पुढं पंधरा-वीस माणसं उरली असतील, तेवढ्यात दोरी आडवी आली. "पाचच मिनिटं, मावशी." आधी दोन पांढऱ्या गाड्या, मग सफारीवाले, मग कॅमेरे, आणि शेवटी हिंदी सिनेमातला एक नट. त्याचा नवा पिक्चर त्याच शुक्रवारी लागणार होता. गंध गाडीतूनच लावून आलेला. पाय अनवाणी, पण गाडीपासून उंबऱ्यापर्यंत सतरंजी अंथरलेली.

आम्ही उभे होतो तिथून सगळं दिसत होतं. साहेबांनी देवाला तीनदा हात जोडले. पहिल्यांदा जोडले तेव्हा एक कॅमेरावाला खांबाआड होता, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा कुणाचं तरी डोकं मधे आलं, म्हणून तिसऱ्यांदा. मग शाल, मग फेटा, मग दोन हात लांब पुठ्ठ्याचा चेक, अन्नछत्रासाठी पाच लाख. अडतीस मिनिटं गेली. आई नळीला टेकून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

रात्री त्याची रील आली. "बुलावा आया."

आता मुद्दा. त्याची भक्ती खरी का खोटी, हे मला माहीत नाही आणि ते तपासायचं यंत्र माझ्याकडं नाही. असेलही खरी. मला एवढंच विचारायचंय की त्या भक्तीचा खर्च कुणी केला? पाच लाख त्याचे, कबूल. ती अडतीस मिनिटं मात्र रांगेतल्या चार-पाचशे माणसांची होती, आणि त्यांची नोंद कुठल्याच पावतीवर नाही.

हाच हिशेब जरा मोठा करून बघा. डिसेंबर २०१२ मध्ये विजय मल्ल्यांनी आपल्या वाढदिवसाला तिरुपतीला तीन किलो सोनं वाहिलं. किंगफिशरची विमानं तेव्हा जमिनीवर बसली होती आणि कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. ते सोनं कुणाचं म्हणायचं? त्याच बालाजीला २००९ मध्ये बेल्लारीच्या जनार्दन रेड्डींनी चाळीस कोटींच्या वरचा हिऱ्यांचा मुकुट वाहिला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये बेकायदा खाणींच्या प्रकरणात सीबीआयनं त्यांना उचललं. देव मुकुट परत करत नाही, त्यामुळं अडचण कुणालाच नाही.

कोल्हापूरकरांनी आणि बाकीच्यांनीही बोला. फक्त "सगळे सारखेच" एवढ्यावर सोडू नका.

पांढरा_रस्सा

नाद खुळा लिवलंयस भावा. सतरंजी वाचून हसून हसून मेलो.

आमच्या मंडळाची गोष्ट सांगतो. गणपतीत आरतीला मालिकेतली नायिका आणायची ठरली. मानधन ठरलं, वर ड्रायव्हरचं वेगळं, मेकअपवालीचं वेगळं, आणि हॉटेल पाहिजे तर रंकाळ्याच्या बाजूचंच पाहिजे. ही वर्गणी कुणाची, तर गल्लीतल्या पानपट्टीवाल्याची, गिरणीवाल्याची, दूधवाल्याची. बाई आली, अर्ध्या आरतीला "जय देव जय देव" च्या पुढं ओठ हललेच नाहीत. जाताना माईकवर म्हणाली, बाप्पानं बोलावलं म्हणून आले. खजिनदार माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, बाप्पानं निम्मे ॲडव्हान्स बोलावलेत.

चूक तिची न्हाई पण. ती कामाला आली होती. आणली आम्ही.

करवीरकन्या

मला हा धागा थोडा एकतर्फी वाटला, राग नसावा.

त्या नटानं रांगेत उभं राहायला हवं होतं का? समजा राहिला असता. महाद्वार रोडला एखादी नटी नुसती साडी घ्यायला उतरली तरी काय होतं ते आपण पाहिलंय. देवळात चेंगराचेंगरी झाली असती आणि तुमच्या आईसारख्यांचेच हाल झाले असते. दोरी लावणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाच होता.

आणि दुसरं, सिनेमावाल्यांइतकी देवाला घाबरणारी जमात नसेल. दोन वर्षांची मेहनत शुक्रवारी तीन तासांत उठते किंवा बसते. माझं पोट असं शुक्रवारवर अवलंबून असतं तर मी रोज अनवाणी गेले असते. आपण दहावीच्या निकालाआधी जात होतोच की. नवस बोलणारा प्रत्येक जण काही तरी मागायलाच जातो. त्याचं मागणं पेपरात छापून येतं एवढाच फरक.

शेवटचं : त्यानं पाच लाख दिले. अन्नछत्रात जेवणारा माणूस देणाऱ्याचा हेतू विचारत नाही. आपण सगळ्यांनी मिळून किती दिले?

मिरजकर_तिकटी

@करवीरकन्या, राग कसला ताई, पहिल्यांदाच कुणीतरी नीट भांडतंय.

चेंगराचेंगरीचा मुद्दा मान्य. मग पहाटे काकडआरतीला यावं, किंवा रात्री शेजारतीच्या आधी. दुपारी बारा वाजता, ऐन गर्दीत, कॅमेऱ्याला उजेड चांगला असतो त्या वेळेलाच देवाची आठवण होते, तिथं माझी पाल चुकचुकते. भीतीपोटी आलेला माणूस कॅमेऱ्यासाठी तिसऱ्यांदा हात जोडत नाही.

आम्ही किती दिले, या प्रश्नाचं उत्तर : एकशे एक रुपये, आणि ओटी.

जमाखर्च

मी बावीस वर्षं लोकांचे कर भरायचं काम करते, त्यामुळं एका गैरसमजाबद्दल लिहिणं भाग आहे. "टॅक्स वाचवायला देतात" हे वाक्य अजून कुणी लिहिलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय, येईलच.

आयकरात वजावट मिळते ती पैशांच्या देणगीवर. वस्तूंच्या देणगीवर मिळत नाही. सोन्याचा मुकुट, चांदीची प्रभावळ, पूरग्रस्तांना दिलेली ब्लँकेटं, सगळ्याला शून्य. रोख दिली तर दोन हजारांच्या वर काही धरत नाहीत. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. आणि जिथं पूर्ण वजावट मिळते तिथंही शंभर रुपये दिल्यावर वाचतात तीस-चाळीस, बाकीचे खिशातूनच जातात. तेव्हा मुकुट देणारा निदान करासाठी देत नाही. तो दुसऱ्याच कशासाठी देतो.

खरी गंमत कंपन्यांच्या दानात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं, नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर घालवायचेच. हे एप्रिल २०१४ पासून सक्तीचं आहे. आणि पेपरात काय येतं? "अमुक शेठजींचा दानशूरपणा." अहो, शेठजींनी कायदा पाळला! पैसा कंपनीचा, म्हणजे भागधारकांचा. मी सिग्नलला थांबले म्हणून माझा सत्कार करण्यासारखं आहे हे.

नटनट्यांच्या प्रतिष्ठानांचं आणखी वेगळं. प्रतिष्ठान त्यांच्या नावाचं, आवाहन त्यांचं, पैसे तुमचे-माझे. यात वाईट काही नाही, पण नाव लावण्याला दान म्हणू नये. नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. संशय असेल तर कागद मागावा. इथं कुजबुजण्यापेक्षा ते बरं.

रंकाळा_चौपाटी

> सिग्नलला थांबले म्हणून सत्कार

+१. सत्काराचा विषय निघालाच आहे तर : आमच्या चौकात तसा फ्लेक्सही लागेल.

शिरोळ_भागातला

मोठा प्रतिसाद आहे, सावकाश वाचा.

ऑगस्ट २०१९. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली, बंगळूरकडं जाणारे ट्रक दिवसेंदिवस उभे. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी शाळेत. पाणी उतरल्यावर मदतीच्या गाड्या सुरू झाल्या. त्यातली एक गाडी विसरत नाही. उतरल्या उतरल्या आधी फ्लेक्स बांधला. दोरी आखूड पडली, म्हणून आमच्यातलाच एक पोरगा झाडावर चढला. मग पाकीट. एका पाकिटाला सहा हात, सहाही हात पाहुण्यांचे, आणि पाकिटाच्या खाली माझ्या चुलतीचे दोन. फोटोवाला म्हणाला, "मावशी, इकडं बघा." ती पाकिटाकडं बघत होती. आत एक किलो तांदूळ, बिस्किटं आणि एक मेणबत्ती. काडेपेटी नव्हती.

हे झालं वाईट. आता उलटं. त्याच पुरात लता मंगेशकरांनी ११ लाख दिले, रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी २५ लाख, मुख्यमंत्री निधीला. त्याला आमच्यातल्या कुणाचा चेहरा लागला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सलमान खाननं एका कंपनीबरोबर आमचं खिद्रापूर दत्तक घ्यायचं जाहीर केलं, ७० घरांचं. कोपेश्वराचं खिद्रापूर हो, तेच. घोषणा कधी झाली ते इथं सगळ्यांना पाठ असेल. पण कुठल्याही पाहुण्यानं कुठल्याही गावाला काही जाहीर केलं की किल्ली कुणाच्या हातात कधी पडली, हे बघायला त्या पेपरचा वार्ताहर परत जात नाही, आणि आपणही विचारत नाही. घोषणेला पहिलं पान, किल्लीला पान नाहीच.

आता हत्तिणीचं. कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. नांदणीच्या जैन मठातली महादेवी २८ जुलै २०२५ ला जामनगरला अनंत अंबानींच्या वनतारा प्राणीकेंद्रात गेली. आमच्या भागात त्या दिवशी घराघरांत रडारड होती. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर कलेक्टर ऑफिस मूक मोर्चा निघाला, त्यात मी होतो, पायाला फोड आले होते. जिओचं सिम मीही बदललं. आम्ही म्हणत होतो की एकीकडं लालबागच्या राजाला २० किलोचा सोन्याचा मुकुट, जामनगर ते द्वारका पायी वारी, आणि दुसरीकडं आमच्या देवाची हत्तीण उचलता. ढोंगी म्हणालो, अजून बरंच म्हणालो.

पण घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. हायकोर्टानं निकाल दिला तो हत्तिणीच्या तब्येतीवर, तिच्या पायांवर, एकटीनं सिमेंटवर उभं राहण्यावर. सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. ती आमची, आमची म्हणताना तिचा पाय मी एकदा तरी उचलून बघितला होता का? मिरवणुकीत तिच्या सोंडेत नाणं ठेवून डोक्यावर हात घेतला होता, तोही फोटोसाठी. नंतर वनतारानं नांदणीजवळच केंद्र करायची तयारी दाखवली, माफीही मागितली, "मिच्छामी दुक्कडम्" म्हणून. त्यावर मठानं आणि सरकारनं काय करायचं ते करू दे. मी फक्त माझं सांगितलं. सिम अजून बदललेलंच आहे, आता परत कोण करतंय.

आणि त्या द्वारकेच्या वारीबद्दल एक : तो माणूस बराचसा रात्रीचा चालत होता, लोकांना वाटेत त्रास नको म्हणून, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तिकटीकर, तुमच्या मापानं बघितलं तर हे त्याच्या खात्यात जमा धरावं लागेल.

मिरजकर_तिकटी

धरलं. माप लावायचं तर सगळ्यांना एकच लावायचं.

काडेपेटीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

उलथनं

आमचे मामा आचारी. चाळीस वर्षं महाप्रसाद करतायत. खपली गव्हाची खीर, कटाची आमटी, भात, वांग्याची भाजी. पाच हजार पानाला किती पोती गहू लागतील हे ते झोपेत सांगतात.

दोन वर्षांमागं एका मोठ्या माणसानं (नाव असतं टीव्हीवर, पुढचं विचारू नका) गावच्या सप्ताहाला महाप्रसाद दिला. मामांनी रात्री दोनला चुली पेटवल्या. सकाळी अकराला साहेब आले, एप्रन घातला, कायलीत उलथनं घालून खीर हलवली. हलवली म्हणजे काय, वरवर फिरवली. खपलीची खीर तळाला धरते, तळापासून ओढावी लागते, त्याला खांद्यात दम लागतो. मामा मागं उभे राहून दात-ओठ खात होते, फोटो होईपर्यंत एक कायल करपली. साहेबांनी पहिली पंगत वाढली, चार पानं. मग गेले.

बिलातले निम्मे पैसे अजून यायचेत. त्यांचा माणूस म्हणतो, देवाच्या कामात एवढं काय बघायचं. मामा म्हणतात, गूळवाल्यानं माझ्याकडं देवाचं नाव काढलं नाही, त्याला रोख द्यावे लागले.

जमाखर्च

@उलथनं, मामांकडे काही लिखापढी आहे का? व्हॉट्सॲपवरचं बोलणंसुद्धा चालतं. नोटीस मी लिहून देते, फुकट. खीर खाऊ घाला.

उलथनं

विचारतो ताई. ते नको म्हणतील, पुढच्या वर्षीचं काम जाईल.

पुण्यात_अडकलेला

मूळचा ताराबाई रोडचा. या विषयावर आपल्या गावात शाहू महाराजांचं नाव अजून निघालं नाही? १९०१ पासून वसतिगृहं काढत गेले. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मग मुस्लिम बोर्डिंग, एकेका जातीला, धर्माला जागा आणि उत्पन्न लावून दिलं. दसरा चौकातून जाताना आजही दिसतं. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, दरबारातल्या मंडळींनाही पाजला. हेही लोकांना दाखवायलाच केलं होतं! पण त्या दाखवण्यानं काय बदललं बघा. महाराजांच्या हातात कप दिसला म्हणून दुसऱ्यांना घ्यावा लागला. म्हणजे दिखावा सरसकट वाईट, असं म्हणता येत नाही. दाखवून स्वतः मोठं व्हायचं की दुसऱ्याला वर घ्यायचं, तिथं फरक पडतो.

बिनखांबी

शाहू महाराज राजे होते, पैसा रयतेचाच होता. राजानं रयतेचा पैसा रयतेला दिला. आणि सिनेमावाल्याकडं तरी कुणाचा असतो? तिकिटाचाच. त्या अर्थानं तुमच्या आईच्या रांगेला पाच लाख परत मिळाले असं समजा.

पुण्यात_अडकलेला

@बिनखांबी, हे भारी आहे, पण महाराजांनी परत देताना रांग थांबवली नव्हती.

करवीरकन्या

तिरुपतीला श्रीवाणी ट्रस्टला दहा हजार द्या आणि पाचशेचं तिकीट काढा की व्हीआयपी ब्रेक दर्शन मिळतं. दर छापलेला आहे. मला ते आधी भयंकर वाटायचं, आता वाटतं निदान उघड तरी आहे. आपल्याकडं दर नाही म्हणून ओळख लागते, आणि ओळख दहा हजारांपेक्षा महाग पडते.

पंढरपूरला आषाढीला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला महापूजेचा मान मिळतो, तो प्रकार मला सगळ्यात आवडतो. तुमच्या त्या नटाबरोबर रांगेतल्या पहिल्या म्हातारीला आत घेतलं असतं तर हा धागाच निघाला नसता. कुणाला सुचलं नाही, एवढंच.

रंकाळा_चौपाटी

अवांतर : अंबाबाईच्या किरणोत्सवात मूर्तीवर पडणारी मावळतीची किरणं वाटेतल्या इमारतींनी अडतात म्हणून दरवर्षी ओरड होते. सूर्याला पण व्हीआयपी पास काढून द्या कुणीतरी.

अवांतर संपलं. तिकटीकर, एक प्रश्न सकाळपासून विचारायचाय. अडतीस मिनिटं, तीन नमस्कार, खांबाआडचा कॅमेरावाला, सगळं इतकं बारीक टिपलंय. खरं सांगा, तुम्ही स्वतः फोटो काढला का नाही त्याचा?

मिरजकर_तिकटी

काढला.

दोन काढले. आईनंच सांगितलं. दोरी आडवी आल्यावर मी सुरक्षारक्षकाशी भांडायला निघालो होतो, तिनं शर्ट धरला. म्हणाली, भांडण राहू दे, आधी फोटो काढ, तो जातोय बघ. टाचा वर करून बघत होती, दुखऱ्या गुडघ्यांवर. घरी येताना रिक्षात म्हणाली, टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आहे पोरगं, खात नाही वाटतं काही. देवीचं दर्शन कसं झालं विचारलं तर म्हणाली, झालं की, गर्दी होती.

पांढरा_रस्सा

आईला दंडवत.

रंकाळा_चौपाटी

फोटो टाका की मग इथं.

मिरजकर_तिकटी

एक हललाय. दुसऱ्यात पुढच्याचं डोकं आलंय. हललेला आईनं डीपीला ठेवलाय.